तातडीचा भोंगा

ताईंना निवडून येऊन दीड वर्ष झालं होतं, तरी त्यांच्या गळ्यातून बसस्थानक काही गेलं नव्हतं. राजकारणात पडण्याआधी उभी हयात त्यांनी चौकशीच्या खिडकीमागे बसून गाड्या पुकारल्या. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' या एका वाक्यावर त्यांनी घर बांधलं, दोन मुलींची लग्नं लावली आणि शेवटी निवडणूकही मारली, कारण ताईंनी ज्याची गाडी कधी पुकारली नाही असा माणूस त्या गावात शोधून सापडला नसता. "दिसायला कशा आहेत कोण जाणे, पण आवाज घरचा आहे," असं म्हणत लोकांनी मतं टाकली. याहून फुटकळ कारणांवर निवडून आलेली माणसं सभागृहात पुष्कळ होती, त्यामुळे ताईंना त्याची लाज नव्हती.

मात्र एक खोड सुटता सुटत नव्हती. स्थानकावर प्रत्येक घोषणेच्या शेवटी 'धन्यवाद' म्हणायचा नियम होता. गाडी उशिरा धावत आहे, धन्यवाद. गाडी रद्द झाली आहे, धन्यवाद. मग लोकांनी खिडकीवर कितीही डोकं आपटलं तरी हरकत नाही. तो शब्द ताईंच्या जिभेला असा चिकटला की नवरा म्हणायचा, झोपेत पांघरूण घातलं तरी ही धन्यवाद म्हणते. आता घरात हे चालून जातं. सभागृहात त्या शब्दाचा अर्थ निराळा होता. तिथे सदस्याने धन्यवाद म्हटलं की त्याचं बोलणं संपलं. माइकचा लाल दिवा विझतो आणि अध्यक्ष पुढचं नाव पुकारतात. पहिल्याच भाषणात ताई दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या जागांबद्दल तळमळीने बोलत होत्या, तेवढ्यात शिपायाने पाण्याचा पेला आणून ठेवला. ताई त्याला धन्यवाद म्हणाल्या आणि दिवा विझला. डॉक्टर तिथेच राहिले. तेव्हापासून शेजारच्या बाकावरचे आबा, जे पाच वेळा निवडून आलेले आणि तेवढ्याच पक्षांतून फिरून आलेले होते, रोज सकाळी त्यांना विचारायचे, "काय ताई, आज कोणाचे आभार मानून विषय मारायचा?"

आज मात्र ताईंना थट्टा सुचत नव्हती. अधिवेशनाचा शेवटचा दिवस होता आणि उद्या पहाटे त्यांच्या गावच्या धरणाचे दरवाजे उघडायचे होते. दरवाजे नवे बसवले होते, त्यांची चाचणी घ्यायची होती. धरणाच्या कचेरीने काल संध्याकाळी तसा आदेश काढला. त्यात शेवटी लिहिलं होतं, 'नदीकाठच्या नागरिकांना भोंग्याद्वारे पूर्वसूचना देण्यात येईल.' तो भोंगा तीन वर्षं बंद होता. त्याच्या तोंडात साळुंक्यांनी घरटं केलं होतं.

ताईंचा धाकटा भाऊ त्याच नदीत मासे धरायचा. गेल्या साली असंच न सांगता पाणी सोडलं, तेव्हा त्याची होडी गेली आणि तो जुन्या पुलाच्या खांबाला दुपारपर्यंत चिकटून राहिला. खाली उतरवला तेव्हा त्याची बोटं खांबापासून सोडवायला दोन माणसं लागली. आठवडा गेला नाही तोच उसनी होडी घेऊन हा बहाद्दर पुन्हा पाण्यात. ताईंनी आज सकाळी उठल्या उठल्या त्याला फोन लावला होता.

"उद्या नदीत जायचं नाही. कळलं?"

"भोंगा वाजला तर नाही जाणार."

"अरे, भोंगा बंद आहे!"

"मग वाजणार नाही."

"म्हणून तर सांगतेय ना तुला!"

"ताई, या वर्षात तीनदा सांगितलंस, दरवाजे उघडणार म्हणून. तिन्ही वेळा आम्ही काठावर बसून राहिलो. पाण्याचा थेंब आला नाही. जाळ्यातले मासे मात्र सडले. आता तुझ्या शब्दाखातर मी एक वेळ घरी बसेन, पण बाकीचे? काठावर सगळे मिळून पाऊणशे जण असतील. त्यांना एवढंच ठाऊक आहे. भोंगा गप्प, तर नदी मोकळी."

आणि यात त्याचं चुकत नव्हतं. बंद पडलेला भोंगा नुसता गप्प नव्हता. तो रोज पहाटे त्या माणसांना सांगत होता की या, खुशाल पाण्यात उतरा.

त्यांनी धरणाच्या कचेरीत फोन केला. तिथला साहेब म्हणाला, आदेश वरून आहे. वर फोन केला तर म्हणाले, मंत्र्यांना विचारा. मंत्र्यांच्या सचिवाने सांगितलं, साहेब आज दिवसभर सभागृहात आहेत. म्हणजे फिरून फिरून भोपळे चौकात. पण सभागृहाचा एक गुण ताईंना एव्हाना कळला होता. मंत्री दालनात काहीही बोलतो आणि विसरतो. तोच सभागृहात बोलला की ते कामकाजात छापलं जातं, त्याचं आश्वासन होतं, आणि मग अधिकाऱ्यांची ते मोडायची छाती होत नाही. ताईंना एक वाक्य हवं होतं. भोंगा दुरुस्त होईपर्यंत दरवाजे उघडणार नाही. बस्स, एवढंच वाक्य, त्या माणसाच्या तोंडून, आजच्या आज.

सूचना घ्यायच्या खिडकीत कक्ष अधिकारी बसले होते. त्यांना सगळे सदस्य पाठीमागे 'कात्री' म्हणत आणि त्यांना ते माहीत होतं. त्यांनी ताईंची लक्षवेधी सूचना हातात घेतली, चष्मा नाकावर खाली ओढला आणि वाचू लागले.

"'गेली तीन वर्षे सातत्याने बंद असलेला भोंगा'... ताई, इथेच मेली तुमची सूचना."

"का?"

"सातत्याने! अहो, जे सातत्याने चाललंय ते तातडीचं कसं होईल? तातडीचं म्हणजे नुकतंच घडलेलं पाहिजे. अध्यक्ष विचारतील, तीन वर्षं तुम्ही काय करत होता?"

"दोनदा प्रश्न टाकला होता मी. उत्तर आलं, माहिती घेण्यात येत आहे."

"घेत असतील मग."

"अहो, उद्या पाणी सोडणार आहेत!"

"उद्या ना? म्हणजे अजून घडलेलं नाही. न घडलेल्या गोष्टीवर सूचना घेता येत नाही. ते काल्पनिक."

ताईंचं डोकं भणभणायला लागलं. "म्हणजे कालचं ते जुनं आणि उद्याचं ते काल्पनिक. माणसं वाहून गेली म्हणजे घेणार का तुम्ही तातडीचं?"

"वाहून गेली तर लगेच घेतात," कात्री म्हणाले आणि मग आपण काय बोलून गेलो ते त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी चष्मा काढला आणि उगाच पुसत बसले.

ताई तिथून हलल्या नाहीत. स्थानकावर गाडी रद्द झाल्यावर लोक खिडकीपुढे कसे उभे राहतात ते त्यांनी आतल्या बाजूने आयुष्यभर पाहिलं होतं. आज त्या बाहेरच्या बाजूला होत्या. जुनं नको, उद्याचं नको, तर आजचं काय आहे आपल्याकडे? त्यांनी आदेशाचा कागद पुन्हा डोळ्यांखालून घातला.

"काल संध्याकाळी आदेश निघाला," त्या म्हणाल्या. "बंद भोंग्याने लोकांना सूचना देऊ असा सरकारी आदेश. हे घडलं की नाही? जुनं नाही, काल्पनिक नाही."

कात्रींनी चष्मा परत चढवला. "आदेश निघाला, हे घडलं," ते सावकाश म्हणाले. "नुकतंच घडलं. लिहा. पण लक्षवेधीची वेळ टळलीये. औचित्याचा मुद्दा म्हणून देतो मी वर. दोन मिनिटं मिळतील, तीही शेवटी. आणि मंत्र्यांनी उत्तर द्यायलाच पाहिजे असं काही त्यात नसतं."

"दोन मिनिटांत मी स्थानक रिकामं केलंय," ताई म्हणाल्या आणि खिडकीच्या फळीवरच कागद ठेवून लिहायला लागल्या.

मग सुरू झालं वाट पाहणं. ज्याला घाई असते त्याच्याच दिवशी सभागृहाला सगळी जुनी भांडणं आठवतात. एकाने दुसऱ्याच्या काकांबद्दल काहीतरी म्हटलं, दुसरा अध्यक्षांसमोरच्या हौद्यात धावला, अध्यक्षांनी बैठक तहकूब केली. पुन्हा भरली तर काका कोण यावर वाद. पुन्हा तहकूब. ताई बाहेर जात होत्या, आत येत होत्या, पाण्याचा पेला उचलत होत्या आणि न पिता ठेवत होत्या. बाहेर गेल्या की फोन बघायच्या. भावजयीचा निरोप आला होता. 'हे जाळी दुरुस्त करत बसलेत. मी बोलून दमले.' तो वाचून ताई आत आल्या आणि त्यांचा पाय बाकाखाली आपोआप हलायला लागला.

"भूकंप होतोय की काय?" आबांनी डोळे न उघडता विचारलं. "बाक हलतंय."

"आबा, माझा नंबर येईल ना हो आज?"

"येईल. काका संपले की येईल." मग त्यांनी एक डोळा उघडला. ताईंचा चेहरा पाहिला आणि दुसराही उघडला. "काय झालंय?"

ताईंनी सांगितलं. आबांनी तोंडातली खोकल्याची गोळी या गालातून त्या गालात नेली. "तो मंत्री सुळसुळीत आहे," ते म्हणाले. "'शासनाने नोंद घेतली आहे' म्हणेल आणि बसेल. नोंद म्हणजे आश्वासन नव्हे. तो तसं म्हणाला की बसायचं नाही. लगेच विचारायचं, दरवाजे उघडणार की नाही, हो का नाही सांगा. आणि ताई, हात जोडतो, तो शब्द तेवढा तोंडातून काढू नका."

"वेडी का खुळी मी?" ताई म्हणाल्या.

उन्हं कलली तेव्हा अध्यक्षांनी त्यांना पुकारलं. लाल दिवा लागला. ताई उभ्या राहिल्या आणि खरं सांगायचं तर फार नेमकं बोलल्या. आदेश वाचला, त्यातलं भोंग्याचं वाक्य वाचलं, साळुंक्यांचं घरटं सांगितलं तेव्हा थोडं हसूही झालं, आणि मग जुन्या पुलाच्या खांबाला चिकटलेल्या माणसाचं सांगितलं तेव्हा ते थांबलं. तो आपला भाऊ आहे, हे त्यांनी सांगितलं नाही. शेवटी म्हणाल्या, "भोंगा दुरुस्त होईपर्यंत दरवाजे उघडू नयेत, एवढंच मंत्रिमहोदयांनी सभागृहाला सांगावं."

जलखात्याचे मंत्री अर्धवट उठले. नीट उभं राहण्याएवढंही ते त्यांना महत्त्वाचं वाटलं नाही. "अध्यक्ष महाराज, शासनाने नोंद घेतली आहे."

"धन्यवाद," ताई म्हणाल्या.

आणि दिवा विझला.

आबांनी कपाळावर हात मारला, त्याचा आवाज दोन बाकांपलीकडे गेला. ताई उभ्याच होत्या. आपल्या तोंडून काय निसटलं ते त्यांना कळलं तेव्हा अध्यक्ष पुढच्या सदस्याला पुकारूनही मोकळे झाले होते. पुढचा मुद्दा कालव्यावरच्या फुटक्या पुलाचा होता, म्हणजे खातं तेच, मंत्री तेच. त्या सदस्याने आपलं रडगाणं गायलं आणि मंत्री, यावेळी पूर्ण उभे राहून, उत्तर द्यायला लागले, कारण तो सदस्य त्यांच्या पक्षाचा होता.

आयुष्यभराची सवय, आणि नेमकी आज! एका शब्दाने आपण त्या माणसाला मोकळं केलं आणि भावाला नदीत ढकललं. त्यांना रडू येत होतं आणि राग तर इतका आला होता की स्वतःच्याच थोबाडीत द्यावी. आबा खालून पदर ओढत होते, "बसा, ताई, बसा, आता काही उपयोग नाही." पण बसलं की संपलं, हे त्यांना पक्कं कळत होतं. माइक नव्हता. नसेना. वीज गेली की स्थानकावर कुठे माइक असायचा?

त्यांनी श्वास घेतला आणि फलाटावरच्या त्या सरळ, घडी न मोडलेल्या आवाजात सुरू केलं.

"नदीकाठच्या नागरिकांनी कृपया लक्ष द्यावे. उद्या पहाटे धरणाचे दरवाजे उघडण्यात येणार आहेत. भोंगा वाजणार नाही."

मंत्री कालव्याच्या मध्यावर अडखळले. अध्यक्ष म्हणाले, "सन्माननीय सदस्यांनी खाली बसावं. तुमचा विषय झाला. यांचं बोलणं कामकाजात नोंदवलं जाणार नाही." समोरच्या मेजावरच्या लघुलेखकांनी पेन वर उचलून धरले.

स्थानकावर प्रत्येक घोषणा तीनदा करायची असते. पहिली ऐकणाऱ्यासाठी, दुसरी न ऐकणाऱ्यासाठी आणि तिसरी झोपलेल्यासाठी. "नदीकाठच्या नागरिकांनी कृपया लक्ष द्यावे," ताईंनी दुसऱ्यांदा सुरू केलं. मागच्या बाकावर कुणी हसलं, कुणी "फलाट क्रमांक सांगा" म्हणून ओरडलं. अध्यक्षांनी घंटी वाजवली. ताईंचा आवाज घंटीच्या वरून जात होता. मंत्र्यांनी पुन्हा वाक्य धरलं, पुन्हा सुटलं, हातातले कागद खाली पडले. मार्शल दारातून दोन पावलं पुढे आला. "नदीकाठच्या नागरिकांनी," ताईंनी तिसऱ्यांदा म्हटलं, आणि मंत्र्यांचा तोल गेला.

"अहो बाई, नाही उघडत उद्या दरवाजे! झालं समाधान? आता बसा की!"

त्यांच्या माइकचा दिवा लाल होता. मंत्री बोलले म्हणून लघुलेखकांचे पेन कागदावर टेकलेले होते. आबांनी पदर सोडला.

आणि ताई, आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण शुद्धीवर राहून, म्हणाल्या, "धन्यवाद." आणि बसल्या.

"अध्यक्ष महाराज," मंत्री घाईने म्हणाले, "मला खुलासा करायचा आहे. माझ्या म्हणण्याचा अर्थ असा नाही..."

अध्यक्षांनी घंटी बाजूला सारली. सकाळपासून काका आणि आता भोंगा, त्यांचं डोकं उठलं होतं. "सन्माननीय सदस्यांनी धन्यवाद दिलेले आहेत," ते म्हणाले. "विषय संपलेला आहे. कालव्याकडे या." सभागृहात हशा पिकला आणि बाकं वाजली. विरोधकांची वाजली तशी मंत्र्यांच्या मागचीही दोनचार वाजली.

"दीड वर्षात पहिल्यांदा जागच्या जागी म्हणालात," आबा पुटपुटले आणि नवी गोळी सोलू लागले.

संध्याकाळी अधिवेशन संपलं. पायऱ्यांवर हार, फोटो, गाड्यांची ओढाताण सुरू होती. कात्री कामकाजाची कच्ची प्रत काखोटीला मारून खाली उतरत होते, ते ताईंपाशी थांबले.

"कालव्याच्या पुलाची चर्चा चालू आहे," ते म्हणाले, "आणि मधेच मंत्री म्हणतात, 'अहो बाई, नाही उघडत उद्या दरवाजे.' त्याखाली तुमचं 'धन्यवाद.' बाकी तिथे तुमचं एक अक्षर नाही. उद्या वाचणाऱ्याला वाटेल, मंत्र्यांच्या अंगात आलं." त्यांच्या ओठांचा एक कोपरा वर गेला. कात्री हसतात असं त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं. "धरणाच्या कचेरीत कळवलंय. त्यांनी उद्याची चाचणी रद्द केली."

ताईंनी तिथेच खांबाला टेकून भावाला फोन लावला. सकाळपासून पहिल्यांदा त्यांचे पाय स्थिर होते.

"उद्या दरवाजे उघडत नाहीत," त्या म्हणाल्या. "मंत्र्यांनी सभागृहात शब्द दिलाय."

"असं?" भावाच्या आवाजात हसू होतं. मागे पाण्याचा आवाज येत होता. "म्हणजे भोंगा दुरुस्त झाला?"

"नाही. भोंग्याचं नाही बोलले ते. पण उद्या उघडणार नाहीत."

"उद्या."

"हो."

"आणि परवा?"

ताईंनी तोंड उघडलं. नाही उघडत उद्या दरवाजे. ते वाक्य त्यांनी संध्याकाळभर मनात दहादा घोळवलं होतं आणि त्याच्या मधोमध बसलेला तो शब्द त्यांना एकदाही ऐकू आला नव्हता. 'धन्यवाद' म्हणून त्यांनी स्वतःच तर विषयाला घाईघाईने कुलूप लावलं होतं. आता सभागृह कित्येक महिने भरणार नव्हतं. समोर शिपाई एकेक दार ओढून घेत होते. मंत्र्यांची गाडी केव्हाच गेली होती.

"ताई?" भाऊ म्हणाला. "ताई, अगं बोल काहीतरी. गप्प नको राहूस. तू गप्प बसलीस की मला वाटतं, नदी मोकळी आहे."

"मोकळी नाहीये," ताई म्हणाल्या. घसा बसला होता तरी आवाज सरळ आला. "ऐक. परवा पहाटे मी काठावर येते. स्थानकातला हातकर्णा आणते, तो देतील मला. माझा आवाज आला की सगळ्यांनी पाण्याबाहेर यायचं. सांग सगळ्यांना. त्यांना माझा आवाज माहीत आहे."

"आणि तेरवा?"

"तेरवाही येईन. भोंगा वाजेपर्यंत येईन."



"ये मग," तो म्हणाला. "पण ताई, शेवटी धन्यवाद म्हणू नकोस हं. लोकांना वाटेल, संपलं."